जाळीचे तुकडे

"असली गाडी घिऊन जायचं न्हाई म्हंजे न्हाई!" गिरिजा व्हॅनच्या पुढ्यात उभी राहिली.

परवा चोरांनी व्हॅनखालचा सायलेन्सर कापून नेला होता. आता किल्ली फिरवली की नोएडाच्या कडेचं ते गाव दणाणायचं, म्हशी दावं तोडायला बघायच्या. मेकॅनिक म्हणाला होता, "अंदर की जाली बिकती है, भाभी. महँगी धातु होती है उसमें."

"मग मुळा काय डोक्यावर निऊ मंडईला?" तिचा नवरा संग्राम म्हणाला. माणसं खानापूरकडची. थोरले भाऊ नरसिंह करोल बागेत सोनं-चांदी गाळायचे, पण संग्रामचा जीव यमुनेकाठी खंडानं कसायला घेतलेल्या रानात. "काचा लावून घेतो. आवाज बी कमी, थंडी बी कमी."

गाडीचा तळपत्रा गंजून फुटला होता. त्यावर गोणपाट टाकून, कानात बोळे घालून गडी निघाला. माणसानं हट्टी तरी किती असावं!

मंडईच्या फाटकाशी गाडी धडधडत उभी होती आणि संग्राम स्टिअरिंगवर डोकं टेकून निजला होता. लोकांना वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, बंद काचांत खालून धूर भरला, त्यातल्या विषारी वायूनं झोपेतच गेला.

दिवस झाले, पाहुणे परतले. पण रोज सकाळी पाणी तापवताना गिरिजेला ती गाडी ऐकू यायची. तीच धडधड, छातीत हादरे देणारी. धावत बाहेर जावं तर व्हॅन बाभळीखाली थंडगार, बॅटरीसुद्धा काढलेली. शेजारणी म्हणायच्या, "कुछ नहीं है, बहन." तिला आपलीच भीती वाटू लागली.

घरात बसून डोकं फिरायला नको म्हणून नरसिंह तिला भट्टीवर नेऊ लागले. सोनं गाळणारे हे गलाईवाले केर कधी टाकत नाहीत. धुळीतही सोनं असतं, म्हणून ती साठवून पुन्हा गाळतात. तो केर गोळा करणं गिरिजेकडे आलं. एकदा झाडूखाली करड्या जाळीचे तुकडे आले, मधाच्या पोळ्यासारखे बारीक भोकांचे.

"भावजी, हे सायलेन्सरातलं न्हवं?"

नरसिंहांनी मान वर केली नाही. "लोक आणून देत्यात. कुठनं आणलं ते धंद्यात इचारायचं नसतंय."

"आन् ह्यांच्या गाडीची जाळी? ती बी हितंच आली?"

"मला काय ठावं, बाय..." नरसिंहांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "आली बी आसंल."

गिरिजेनं केराचा डबा उचलला आणि बाहेर जाऊन गटारात पालथा केला. गलाईवाल्याच्या घरात असं कुणी करत नाही. नरसिंह बघत राहिले. त्यांनी तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी तापवत होती, तेव्हा धडधड पुन्हा सुरू झाली. ती उठली नाही. बाहेर काही नसणार हे तिला आता पाठ झालं होतं. पण ओसरीवर कपबशी फुटल्याचा आवाज झाला आणि तिला भट्टीवर न्यायला आलेले नरसिंह अनवाणीच अंगणात धावले.

"गिरिजा," बाभळीकडं बघत ते ओरडले, "गाडी कुणी चालू केली गं?"