खामफोंग आजींची दहा वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. हातभर लांब, अंगावर दहा खाचा आणि त्यांवरून सरकणारी एक खुंटी. हल्ली कपाटात पडून असते. पण थायलंडच्या किती खेड्यांनी आपलं दुखणं माझ्या अंगावर मोजलं, ते कपाटाला काय ठाऊक!

मला घडवलं ते आरोग्य विम्याच्या कचेरीसाठी. विम्यातून कोणता उपचार फुकट द्यायचा, हे तिथली समिती ठरवायची. पैसा थोडा आणि मागणारे ढीगभर. म्हणून त्या कचेरीत काम करणारी माझी कन्निका मला पिशवीत घालून घरोघर फिरायची आणि विचारायची, "असंच आजारी राहून दहा वर्षं जगाल, की धडधाकट होऊन कमी? किती वर्षं सोडाल?" माणूस जितकी वर्षं सोडायला तयार, तितकं त्याचं दुखणं मोठं आणि तितका त्यावरचा खर्च सार्थकी.

त्या वर्षीचा प्रश्न होता, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना विम्यातून डायपर द्यायचे का? थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागातल्या एका गावात अकरा घरं झाली आणि अकराही जणांनी खुंटी दहावर ठेवली. म्हणजे दहाच्या दहा हवीत, एकही वर्ष सोडायचं नाही! का, तर पाहुणीपुढे रडगाणं गाणं वाईट दिसतं. कन्निकाचा चेहरा उतरला. दुखणंच नाही असं दिसलं, तर समिती डायपरवर काट मारणार. बैठक तीन दिवसांवर आली होती.

बारावं घर खामफोंग आजींचं. धुवट कपडे, विंचरलेले केस, उशीला टेकून ताठ बसलेल्या.

"ओठ सुकलेत तुमचे. पाणी घ्या ना, आजी," कन्निका म्हणाली.

"तहान कुठली! मला काय धाड भरलीय? ठेव बाई, दहावरच ठेव."

"पुरे झालं, सासूबाई!" सून लम्दुआन कडाडली. "सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नाही यांनी. पाहुणीसमोर अंथरूण ओलं व्हायला नको ना! दोन वर्षं झाली, शेजारणीला आत येऊ देत नाहीत."

"गप्प बस गं! घरातलं बाहेर सांगतेस? लाज नाही वाटत?" आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

उत्तर फक्त आजारी माणसाचंच धरायचं, असा नियम होता. कन्निकाची बोटं माझ्या खुंटीवर आली. मला वाटलं, ही आता सरकवतेच! नाही सरकवली. तिने मला आजींच्या मांडीवर ठेवलं.

"आम्ही दोघी बाहेर थांबतो, आजी. दार लोटून घेते. तुम्ही एकट्याच ठरवा. दहावर ठेवलीत तरी माझं काही म्हणणं नाही."

दार लोटलं गेलं. आजींनी एकदा दाराकडे पाहिलं. मग खुंटी नऊवर आली. आठवर. सहावर अडली. त्या आवाज न करता रडत होत्या.

"चार पुरेत गं बाई मला," खुंटी चारवर आणत त्या मलाच म्हणाल्या. "पण कोरडी."

तेवढ्यात पावलं वाजली. आजींनी झटकन खुंटी धरली आणि पुन्हा वर ढकलली. पाच, सहा, सात! मित्रांनो, मला आवाज असता तर मी ओरडलेच असते. दार करकरलं. आजींचा हात थांबला, आणि त्यांनी खुंटी पुन्हा चारवर आणून सोडली.

"हं, बघून घे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आणि सूनबाई, पाणी आण. तांब्याभर आण."

कन्निका त्या अकराही घरी परत गेली आणि प्रत्येक घरी मला आत ठेवून स्वतः बाहेर थांबली. एकाच घरी खुंटी दहावर राहिली. समितीत खडाजंगी झाली, पण डायपर मंजूर झाले.

वर्षाने आम्ही आजींकडे गेलो, तर शेजारीण अंथरुणाशीच बसून त्यांची थट्टा करत होती. कन्निकाने तोच प्रश्न विचारला.

"एक सोडते," आजी म्हणाल्या. "पाय काही परत यायचे नाहीत. बाकीची नऊ मात्र कोणाला देणार नाही, सांगून ठेवते!"

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी "मला काही नको" म्हणत असेल. ते ऐकून लगेच पाठ फिरवू नका. त्यांना खरं सांगायला थोडी आडोशाची जागा द्या, आणि दाराबाहेर थांबा.