मंगळाच्या राजाची कबुली

माणसाला त्याच्याच तोंडाने उघडं पाडायची सोय फक्त आमच्या धंद्यात आहे. रोममध्ये सिनेमा मुकाच चित्रित होतो. आवाज नंतर, एका बंद खोलीत, भलत्याच माणसांचे भरतात. पडद्यावरच्या हलत्या ओठांत नेमकी बसतील अशी वाक्यं लिहायची, हे माझं काम. एकोणीस वर्षं करत होते.

आमचे अंतराळपट म्हणजे दीड दमडीचा मामला. मंगळ म्हणजे शहराबाहेरची दगडाची खाण. चार सैनिक टेकडीला फेऱ्या मारून मारून चारशे होतात. नायिका हवा संपली म्हणून किंचाळते आणि तिचे केस मात्र वाऱ्यावर उडत असतात. यान ज्या दोऱ्याला लटकतं तो दोरा शेवटच्या रांगेतूनही दिसतो. मी या सिनेमांना येताजाता नावं ठेवायची. पण माझा नवरा ओरेस्ते कॉफीची दोन भांडी आणि एक चाळणी जोडायचा, आत दिवे लावायचा, धूर सोडायचा. ती चाळणी ताऱ्यांमधून हळूहळू सरकायला लागली की माझ्यासारख्या कजाग बाईचीही बोलती बंद व्हायची. तेवढ्यासाठी लोक बाकीचा मूर्खपणा पोटात घालत.

पोस्टरवर इटालियन नाव दिसलं तर कोणी तिकीट काढत नाही, असा निर्मात्यांचा पक्का समज. म्हणून सगळ्यांना अमेरिकन नावं. ओरेस्ते अकरा सिनेमांत अकरा नावांनी होता. बाराव्या वेळी त्याने निर्मात्याकडे, तुलिओ ब्रुनेत्तीकडे, एकच मागणं मागितलं. या खेपेला सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर माझं खरं नाव टाका, आईला दाखवायचंय. ब्रुनेत्तीने हातात हात देऊन शब्द दिला.

मग स्फोटाचं दृश्य आलं. पुन्हा चित्रण करावं न लागता एकाच फटक्यात काम उरकावं म्हणून ब्रुनेत्तीने दुप्पट दारू भरायला लावली. ओरेस्तेची उजव्या हाताची तीन बोटं गेली. तो इस्पितळात होता तेव्हा ब्रुनेत्तीने त्याचं नाव काढून टाकलं. वर एका मासिकाला मुलाखत दिली की यानं मी स्वतः घडवली. ओरेस्तेने ती वाचली, घडी करून ठेवली, आणि त्यानंतर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. जेवताना भिंतीकडे बघायचा.

मी ब्रुनेत्तीच्या कचेरीत गेले.

"साहेब, शब्द दिला होतात तुम्ही."

"अहो निवेसबाई, चाळण्या जोडणाऱ्याचं नाव वाचायला येतं का कोणी? आणि आता बोटंच नाहीत म्हटल्यावर पुढचं कामही नाही. तुमचं काम आहे ना चालू? मग गप्प बसा."

"बरं साहेब," म्हणाले मी, आणि गप्प बसले. आतून नुसती जळत होते. याला चारचौघांत नागवा करीन तेव्हाच सुखाने जेवीन, असं जिन्यावरच ठरवलं.

संधी त्यानेच देऊन ठेवली होती. नटाचा खर्च वाचावा आणि आपला जबडा जगाने पाहावा म्हणून मंगळाचा राजा तो स्वतःच झाला होता. पोस्टरवर मात्र रेक्स हार्लन, टेक्सासचा. संवाद त्याला पाठ होत नसत, पण आमच्याकडे त्याने काही अडत नाही. नट आकडे मोजतो, ओठ हलले की झालं. मरणाच्या प्रसंगात डोळे गरगरा फिरवत तो एकवीसपासून साठपर्यंत पोचला होता.

राजाला आवाज द्यायचा होता म्हाताऱ्या अम्लेतोने. त्याने भाजीचा भाव सांगितला तरी बायका पदरचे चार पैसे जास्त देतील, असा त्याचा आवाज. त्याने माझा कागद वाचला.

"निवेस, पुन्हा काम मिळायचं नाही तुला."

"आणि तुला?"

"माझी सत्तरी झाली. आण तो कागद."

ब्रुनेत्ती पुढचा सिनेमा विकायला मिलानला गेला होता. तसाही एकदा फिल्मची कापाकापी झाली की आमच्या खोलीत कोणताच निर्माता फिरकत नाही. परत आल्यावर न ऐकताच त्याने मंजुरीची सही केली.

रविवारी दुपारी आमच्याच वस्तीतल्या, पिन्येतोतल्या थिएटरात पहिला खेळ लागला. ओरेस्तेला मी अक्षरशः ओढत नेलं, सासूबाईंनाही. पुढे ब्रुनेत्ती बायकोला आणि पैसे लावणाऱ्या दोघांना घेऊन बसला होता. लोक लुपिनीच्या बिया चघळत सालं थुंकत होते.

"अरे, दोरा घट्ट धर, पडेल ते!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. मग यान ताऱ्यांमध्ये शिरलं आणि थिएटर चिडीचूप झालं.

"तुझंच ना रे हे?" सासूबाईंनी विचारलं. ओरेस्तेने मान खाली घातली.

शेवटी राजा कोसळला. अम्लेतोचा आवाज घुमला, "मरण्याआधी खरं सांगतो. ही यानं माझी नाहीत. पिन्येतोच्या ओरेस्ते मास्त्रांजेलीने ती स्वयंपाकघरात बनवली. मी दुप्पट दारू भरायला लावली, त्याची बोटं गेली. आणि मग मी त्याचं नावही गिळलं!"

"ओरेस्ते? आपला ओरेस्ते?" मागून कोणीतरी म्हणालं.

ब्रुनेत्ती ताडकन उठला. "खोटं आहे! मी असं बोललोच नाही!"

सगळ्या माना वळल्या. पडद्यावर तोच जबडा मरत होता, खाली तोच जबडा बोंबलत होता.

"अरे, हाच की राजा!"

"टेक्सासचा ना रे तू?"

"मग काय बोलला होतास? सांग की!"

"मी... मी नुसते आकडे मोजत होतो!"

असा हशा मी जन्मात ऐकला नाही. सालं उडाली, बियाही उडाल्या. ब्रुनेत्तीच्या बायकोने पर्स उचलली आणि ती निघून गेली. पैसे लावणाऱ्यांपैकी एकाने शांतपणे विचारलं, "मग यानं कोणी बनवली?" ब्रुनेत्तीने तोंड उघडलं, पण त्याला वाक्य लिहून द्यायला तिथे कोणी नव्हतं. माझा जीव थंड झाला. खोटं कशाला बोलू?

सोमवारी तो आमच्या दारात उभा. सिनेमाच्या बावीस प्रती बारी, पालेर्मो, तोरीनोला आधीच रवाना झाल्या होत्या.

"निवेसबाई, हात जोडतो, तेवढं वाक्य बदलून द्या. ओरेस्तेचं नाव पाटीवर टाकतो, सगळ्यात मोठ्या अक्षरांत."

मी काही बोलण्याआधी ओरेस्ते आतून आला. कित्येक महिन्यांत तो आपणहून दाराशी आला नव्हता.

"पाटीवर नको, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या तोंडून ऐकायलाच बरं वाटतं."

आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याने दार लावून घेतलं.