दार ठोठावायचा संकोच

राग आला की माझा आवाज बारीक होतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. परवा लॅबमध्येही कळलं.

बाळ पाच महिन्यांचं आहे. त्याला सासूबाईंकडे सोडून मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला येते आणि दिवसातून दोनदा सामानाच्या खोलीत कडी लावून पंपाने दूध काढते. सगळ्यांना बजावून ठेवलंय, लॅक्टेटचं रक्त आलं की दार ठोठावा, मी असेन तशी उठून येईन. लॅक्टेट म्हणजे आतड्यासारख्या एखाद्या भागाला रक्त पुरेनासं झालं की वाढणारं आम्ल. ते मोजायचं रक्त बर्फात येतं आणि पंधरा मिनिटांत मशीनवर लावावं लागतं. नळीत पडून राहिलं की रक्तातल्या पेशी साखर संपवत बसतात, लॅक्टेट वाढत जातं आणि आकडा धडधडीत खोटा येतो.

परवा एका बाजूचं झालं होतं, दुसरी बाजू दगडासारखी दुखत होती. बाहेर फोन वाजायचा थांबेना. शेवटी बटणं लावत बाहेर आले. फोनवर वरच्या वॉर्डचे सर्जन होते; सकाळीच तिथं एक ड्रायव्हर पोटदुखीने दाखल झाला होता.

"लॅक्टेट कुठंय? ड्रायव्हरचं पोट उघडायचं की नाही, त्यावर अडलंय सगळं!"

नळी काउंटरवर आडवी पडली होती. बर्फाचं पाणी झालेलं. रजिस्टरमध्ये वेळ अकरा पाच, सही साहेबांची. घड्याळात अकरा पस्तीस. आणि साहेब, आमच्या लॅबचे प्रमुख, नळीपासून दोन हात अंतरावर रिपोर्टांवर सह्या करत बसलेले.

"ठोठावलं का नाही, साहेब?"

"तुमचं ते... ते काम चालू होतं ना. बरं दिसत नाही."

ते काम! लॅक्टेट हा शब्द हा माणूस दिवसातून पन्नासदा उच्चारतो. पहिल्यांदा सापडलं ते आंबलेल्या दुधात, म्हणून नावही दुधावरूनच पडलं, हे नव्या मुलींना साहेबच शिकवतात. पण समोरच्या बाईला दूध येतं म्हटलं की यांची वाचा बसते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नळी मशीनवर लावली. पाच पूर्णांक चार.

"कळवून टाका," साहेब म्हणाले. "आणि वेळ आत्ताची घाला. उगाच बोभाटा नको."

"सकाळी त्याचा आकडा दोनच्या खाली होता. हा आकडा गेला तर ते त्याला कापतील."

"मॅडम, तुम्ही जागेवर नव्हता, हेही लिहावं लागेल मग."

"लिहा."

फोन उचलून मी सर्जनना सांगितलं, रक्त अर्धा तास पडून होतं, आकडा धरू नका, दहा मिनिटं द्या. बर्फ घेतला आणि वॉर्डचा जिना चढले.

ड्रायव्हर पोट धरून पडला होता. पट्टा आवळला तरी लॅक्टेट वाढतं, म्हणून दंडाला पट्टा न बांधता रक्त घेतलं, नळी बर्फात खोचली. तेवढ्यात शेजारच्या खाटेवर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझा अॅप्रन पुढून भिजला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ड्रायव्हरच्या बायकोने खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्यापुढे धरला.

"लेकरू घरी आहे होय गं? जा, जा लवकर." तिचा नवरा तिथं तळमळत होता आणि ती माझी काळजी करत होती. डोळे भरून आले, त्याचाही राग आला.

खाली येऊन रक्त लावलं. एक पूर्णांक सहा. सर्जन म्हणाले, "मग चाकू नाही. आधी स्कॅन करतो."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "झालं ना सगळं नीट? आता ती खोली मात्र बंद. ड्युटीवर असले प्रकार नकोत."

मी सामानाच्या खोलीतून पंप आणला, लॅक्टेटच्या मशीनशेजारच्या सॉकेटमध्ये लावला, खुर्ची ओढली, अंगावर ड्रायव्हरच्या बायकोने दिलेला टॉवेल घेतला आणि साहेबांच्या टेबलाकडे तोंड करून बसले. पंप घरघरायला लागला. साहेबांनी मान खाली घातली, सह्या करायला पेन सापडेना त्यांना.

"रक्त आलं की आवाज द्या, साहेब," मी बारीक आवाजात म्हटलं. "आता मध्ये दारच नाही."