राखून ठेवलेला डोह

डॉक्टरांनी सांगितलं आणि घरातल्या प्रत्येकाला एकदम माझी काळजी करायचा अधिकार मिळाला. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांना, आणि कळायला उशीर झालेला. कडेचं दिसणं गेलंय, ते परत येणार नाही. समोरचं अजून लख्ख आहे, ते औषधाच्या थेंबांवर जमेल तितकं टिकवायचं. किती टिकेल, असं मी विचारलं तर डॉक्टर खाली मान घालून लिहीत बसले. एवढं उत्तर मला पुरलं. घरी येऊन मी अर्ध्यावर राहिलेल्या कोटाची काजं करायला बसले.

सुनेने त्याच दिवशी घर आवरायला काढलं. पायपुसणी उचलली, कोपऱ्यातलं स्टूल माळ्यावर गेलं, शिवणाच्या मशीनशेजारची माझी मोठी कात्री डब्यात बंद झाली. तिचं मन चांगलं आहे, माझी तक्रार नाही. मुलाने गाडीची किल्ली काढून घेतली, तेही बरोबरच होतं, कारण नुकतंच मी शेजाऱ्यांचं फाटक आडवं केलं होतं. पण मग दोघं समोर बसून म्हणाली, आई, मासे धरायचे तर आता आपल्या नेहमीच्या डोहावरच, आणि तेही मामा सोबत असतील तर. तिथे मात्र माझं डोकं फिरलं.

मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. जन्मभर त्याने बस चालवली, तीही एकाच रस्त्यावर, स्टँड ते गिरणी आणि गिरणी ते स्टँड. निवृत्त झाला तरी त्याची गाडी आपसूक तिकडेच वळते. त्यानेच मला लहानपणी माशी टाकायला शिकवलं. आमच्या मासेमारीत गांडूळ नाही की पिठाची गोळी नाही. बारीक गळाला रेशीम आणि पीस गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि लांब दोराने ती पाण्यावर इतकी अलगद उतरवायची की माशाला ती खरी वाटली पाहिजे. धरलेला मासा आम्ही सोडून देतो. सून म्हणते, मग जाताच कशाला?

माशा मी बांधायच्या, टाकायच्या दोघांनी, आणि पाणी एकच, गिरणीच्या बांधाखालचा डोह. दादाला दुसरं पाणी चालत नाही. धरणाच्या वर नदी फार सुरेख आहे, असं आम्ही उभा जन्म ऐकत आलोय. दर वर्षी मी म्हणायचे, एकदा जाऊ या. तो म्हणायचा, इथे काय वाईट आहे? वाईट काहीच नव्हतं, म्हणून दर वर्षी राहून गेलं.

या खेपेला मी त्याला सरळ सांगितलं की मला वर घेऊन चल, मुलगा नेणार नाही आणि मला आता गाडी चालवता येत नाही, तेव्हा तूच उरलास. त्याने नन्नाचा पाढा लावला. डोळे धड होते तेव्हा गेलो नाही आणि आता कसली अवदसा आठवली? आता तर ओळखीचं पाणीच बरं, तिथला दगड न् दगड तुला माहीत आहे. मी वाद घातला नाही. म्हटलं, बरं, रविवारी डोहावरच जाऊ. त्याला वाटलं, बया ताळ्यावर आली. मी कपाटातल्या काळ्या अस्तराची एक पट्टी कापून घेतली.

डोहावर पोचलो. मी लांब बूट चढवले, गळाची काठी जोडली, पाण्याच्या कडेला आले आणि डोळ्यांवर ती पट्टी करकचून बांधली. दादा मागून ओरडला की हा काय पोरखेळ आहे. मी म्हटलं, तू नुसता काठावर बस. बांधावरून पडणारं पाणी डाव्या कानाला होतं. चार पावलं गोटे, मग सपाट खडक, खडकाच्या टोकाला नडगीवर धार गार लागली की तिथेच थांबायचं. मी थांबले. काठीच्या चाकावरून दोर सोडला, काठी मागे नेली, दोर मागे ताणला गेल्याचं मनगटाला कळलं आणि पुढे टाकली. पहिल्यांदा काही नाही. पुन्हा टाकली, जरा उजवीकडे, जिथे फेस गोल फिरतो तिथे. ओढ लागली.

मी त्याला खेळवत जवळ आणला, हात ओले केले आणि पाण्यातच धरला. जबड्याच्या डाव्या बाजूला बोटाला जुनी चीर लागली. हसूच आलं मला. त्याला मी आधीही धरलंय, बहुतेक दादानेही धरला असेल. आमच्या डोहातले मासेसुद्धा आता आमच्या ओळखीचे झालेत. सोडून दिला आणि मग पट्टी काढली. दादा उभा होता. बस उलटायची वेळ आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"बघितलंस ना?" मी म्हटलं. "इथे मला डोळे लागत नाहीत. मग जे काही उरलेत ते इथे कशाला खर्च करू?"

मला राग होताच, त्यात रडू यायला लागलं, त्याचाही राग आला.

"हा डोह मी आंधळेपणासाठी राखून ठेवलाय, दादा. तेव्हा मला इथे रोज आण, मी चकार शब्द काढणार नाही. आत्ता मला न पाहिलेलं दाखव."

"आणि वर तुला काही झालं तर?" तो म्हणाला. "घरी कोणत्या तोंडाने जाऊ मी?"

"मला व्हायचं ते झालंय."

पुढच्या रविवारी त्याने गाडी आणली. घरी काय सांगितलंस, असं मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सुनेने डबा दिला आणि थेंबांची बाटली पर्समध्ये टाकली. गिरणीच्या फाट्यावर त्याने सवयीने वळायचा दिवा लावला, मग माझ्याकडे पाहून बंद केला. पुढचा रस्ता त्याच्यासाठी परदेश. प्रत्येक वळणावर तो हॉर्न वाजवत होता आणि धरणाचा चौकीदार दिसल्यावर थांबून त्याने रस्ता विचारला, तोही रस्ता एकच असताना. एकाच रस्त्यावर जन्म काढलास म्हणून मी त्याला चिडवलं. तो म्हणाला, त्या रस्त्यावर एकही माणूस मेला नाही माझ्या हातून.

वरचं पाणी मी कसं सांगू? अरुंद, स्वच्छ, तळाचा गोटा न् गोटा वेगळ्या रंगाचा, आणि दोन्ही बाजूंनी झाडं वाकून आलेली. दादाने बघितलं न बघितलं केलं, नेहमीसारखा उभा राहिला, नेहमीइतका दोर सोडला आणि नेहमीसारखी काठी मागे नेली. माशी मागच्या झाडात. आमच्या डोहावर पाठीमागे मोकळं मैदान आहे, मागे बघायची त्याला कधी गरजच पडली नाही. दुसरी माशी बांधली, तीही झाडात. तिसरीला त्याने झाडाला अशी शिवी हासडली की पाखरं उडाली.

मी वेगळं करत होते. हल्ली मला रस्ता ओलांडायचा तरी आख्खी मान फिरवावी लागते. इथेही फिरवली. फांद्या पाहिल्या, त्यांच्यातली फट पाहिली, आणि काठी उभी न नेता आडवी नेली. दादा म्हणाला, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, काचबिंदूने.

पण मासे आमच्या तपकिरी माशीला हुंगेनात. डोहात ती कधी रिकामी जात नाही, इथे तिला कुणी विचारत नव्हतं. मी काठावर बसून पाणी बघायला लागले. फिकट हिरव्या पंखांचे बारीक किडे वाहत येत होते. गेल्या महिन्यात एका कोटाच्या हिरव्या अस्तराचे धागे उरले होते, त्यांची मी गंमत म्हणून एक माशी बांधली होती. ती काढली. दादा म्हणाला, ही कोण खाणार? मी ती दोराला बांधली.

मी माशी वरच्या बाजूला टाकली आणि ती वाहत खाली आली. आणि मग मला तो दिसला. थंड वाहत्या पाण्यातला ट्राउट मासा होता, तळाच्या गोट्यांतून सुटा झाला आणि वर यायला लागला. अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकं कडं, शेपटीची कड पिवळी. घाई नाही. माशीच्या खाली येऊन तो थांबला, तिच्याबरोबर थोडा वाहिला, तोंड उघडलं, आतलं पांढरं दिसलं, आणि माशी आत गेली. मग त्याने ती थुंकून टाकली आणि हळूच वळून खाली गेला. तो जाईपर्यंत मी बघत होते.

"उचलली का नाहीस काठी?" दादा किंचाळलाच. "घेतली होती त्याने, गळ रुतला असता. मला इथून दिसलं. काय करत होतीस?"

"बघत होते," मी म्हटलं.

मग तो माझ्याशेजारी त्या ओल्या काठावर फतकल मारून बसला, पँटची पर्वा न करता. म्हणाला की मीही असा मासा कधी बघितला नाही, आपल्या डोहाचं पाणी गढूळ असतं, तिथे ओढ लागते तेव्हाच मासा कळतो. आणि मग, माझ्याकडे न बघता, याच्याही वर एक ओढा आहे म्हणतात, असं पुटपुटला. चौकीदाराला त्याने तेही विचारून ठेवलं होतं.

एकही मासा न धरता आम्ही निघालो. झाडात त्याच्या माशा लटकत राहिल्या. उतारावर ऊन समोरून येत होतं आणि दादा हॉर्न न वाजवता चालवत होता. गिरणीचा फाटा आला तसा त्याने वेग कमी केला. अजून उजेड आहे, जाता जाता डोहावर दोन-चारदा टाकू या का, रिकाम्या हाताने कशाला जायचं, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, पुढे घे.

त्याने गियर बदलला. बांधाचा आवाज खिडकीतून आला आणि मागे गेला. मी मान वळवून पाहिलं नाही. तो डोह मला पाठ आहे.