बिनस्क्रूचं झाकण

दत्तोपंत तांबटांनी बनवलेलं घड्याळ बंद पडलं, की ते ज्याच्या मनगटावर असेल त्याच्या घरात वेळ तिथेच थांबे. मिरजेत याचं कुणाला नवल नव्हतं. पंतांनी उभ्या हयातीत तेवीस घड्याळं केली, चाकांपासून काट्यांपर्यंत सगळी हातानं. कारागिरीत त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. हे पंत स्वतःच सांगायचे.

मंगळवारी कुसुमताई आरवाडे दुकानात आल्या. त्यांच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते.

"सुनेला नववा लागून दोन वर्षं झाली, पंत," त्या म्हणाल्या. "कळा येतात नि तिथेच थांबतात. पोरगी थकली हो. एवढं चालू करून द्या."

"ते उघडत नाही. कापलं तर आतली चाकंही जातील."

"तुम्हीच केलंय ना?"

"केलंय मीच."

"समोरचा इरफान घड्याळजी म्हणत होता, आत जायला वाटच ठेवली नाही."

पंतांची मान खाली गेली. घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपलं नाव आणि तारीख कोरतो, ही या धंद्याची रीत. आपल्या नावाखाली उद्या कुणा इरफानचं नाव येईल, एवढ्यासाठी पंतांनी झाकणाला स्क्रूच ठेवला नव्हता. कडेनं कथलाचा डाग देऊन ते कायमचं बंद केलं होतं. गिऱ्हाइकांना मात्र सांगितलं, धूळ जात नाही. आता कुसुमताईंकडे बघवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

धरणीनं नाही घेतलं, घड्याळानं घेतलं. चावी उपसून पंतांनी भिंगातून तिच्या भोकात पाहिलं, तशी आधी तेलाची सुई धरलेला हात आत गेला, मग खांदा, मग चपलांसकट पाय.

आत काहीच बिघडलं नव्हतं. तेल तेवढं सुकलं होतं. इरफाननं डोळे मिटून केलं असतं असं काम. पंतांनी थेंब सोडला. चाक हललं. लांब कुठेतरी बाळ रडलं, आणि कुसुमताईंनी आनंदाच्या भरात चावी जागच्या जागी दाबून बसवली.

बऱ्याच वेळानं बाहेरून टकटक झाली.

"पंत, मी इरफान. चावी अडकली, निघत नाही. कुठून उघडू?"

पंतांनी तेलाची सुई खिशात खोचली.

"सांगा की. लाजताय कशाला?"

पंत अंधारात झाकण चाचपत होते. पत्रा सगळीकडे गुळगुळीत होता, आणि मधोमध बोटांना त्यांचं एकट्याचं नाव लागत होतं.