ठिपका नसलेलं काडतूस

...पुंगळीच्या मानेला काजळी होती. नुसती तोंडाशी नाही — तोंडाशी असतेच, ती चालते — पार खाली उतरलेली, बोटाला लागेल अशी. श्यामने ती रिकामी पितळी पुंगळी खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली, आणि समोरचा चहा निवत गेला तरी कपाला हात लावला नाही. आत दारू पुरेशी असली की पितळ फुगून नळीला घट्ट बसतं, धुराला मागे यायला वाटच राहत नाही. दारू कमी पडली की पितळ जागच्या जागी राहतं आणि धूर कडेकडेने मागे सरकून असा काळा होऊन बसतो. हे त्याला नाही कळायचं तर कोणाला? रायफल क्लबातले बाकीचे दुकानातून काडतुसं आणायचे. श्याम एकदा उडालेल्या पुंगळ्या घरी आणायचा, बिबवेवाडीतल्या या फ्लॅटच्या बंद केलेल्या गॅलरीत बसून त्यांत नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरायचा, आणि दारू तोलायला त्याने कसब्यातल्या सोनाराकडून जुना काटा आणला होता. हे सगळं कायद्यात बसतं की नाही याची चौकशी त्याने कधी केली नव्हती. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे कोण पाहतंय?

तर काल उडालेलं काडतूस सरावाचं होतं. झालं, एवढंच. सरावाची काडतुसं तो मुद्दाम हलकी भरायचा — कागदाला भोकच पाडायचं, त्याला कशाला पुरी दारू — आणि ती शिकारीच्या काडतुसांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या बुडाला एक लाल ठिपका द्यायचा. बायकोच्या, नीरजाच्या, नेलपॉलिशचा. वर्षानुवर्षं तेच चाललं होतं. तिची बाटली, त्याचा ठिपका. मग क्लबच्या वार्षिक जेवणाला ती नखं रंगवून आली, लालभडक, आणि खुशीत कोणाशी तरी हात हलवून बोलत होती, तेव्हा तो अगदी हळू, सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच हळू म्हणाला, "काय गं, बोहल्यावर कधी चढतेयस?" सगळे हसले. तीही हसली. घरी आल्यावर तिने बाटली ओट्याखालच्या केराच्या डब्यात टाकली, हे त्याने दारातून पाहिलं होतं, आणि — खोटं कशाला बोला — त्याला बरं वाटलं होतं.

पुढच्या वेळी सरावाची काडतुसं भरली तेव्हा बाटली नव्हती. तिला आणायला सांगायचं? तिला? छे! माझ्या लक्षात राहील, माझ्या नाही राहायचं तर कोणाच्या... आणि डबी शिकारीच्या डबीशेजारी ठेवून दिली.

नीरजा आतून आली. धुवायच्या कपड्यांचा ढीग हातावर, वर त्याची कालची पँट.

"लागली का काल?"

"हुकली."

तिने त्याच्या बोटांतल्या पुंगळीकडे पाहिलं. इतकी वर्षं गॅलरीतला तो वास सहन केलेली बाई, तिला काजळीचा अर्थ कळत नसेल असं समजणं मूर्खपणाचं होतं. पण तो तसंच समजत आला होता.

"लागून हुकली का?" ती म्हणाली, आणि कपडे घेऊन मोरीकडे गेली.

भवानी! असं म्हणाला तो, मनात. मोठ्याने नाही. मोठ्याने तो कधीच काही म्हणायचा नाही, याचा त्याला केवढा अभिमान होता. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोवर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही, असं तो लोकांना सांगायचा. गरजच पडली नाही. बंदुकीचंही त्याचं म्हणणं तेच. बावीसच्या हॉर्नेटने, त्याच्या त्या बारीक गोळीच्या बंदुकीने, रानडुक्कर मारायचं म्हटलं की क्लबात सलिलसारखे लोक पोट धरून हसायचे. ते तीनशे पंधराच्या मोठ्या बंदुकांवाले; खांदा निखळेल असा धक्का आणि गाव गोळा होईल असा आवाज. श्याम म्हणायचा, मोठी गोळी ही नेम नसलेल्यांची सोय आहे. लहान गोळी, पुरी दारू, कानामागे बोटभर. जनावर बसतं, बस. आवाज ज्याला ऐकू जायचा त्यालाच जातो.

काल दिवेलागणीला दौंडकडच्या ज्ञानदेवच्या उसाशी डुक्कर बाहेर आलं होतं. एकटं, थोराड, मानेवरचे केस उभे. वनखात्याचा परवाना होता, पिकाची नासधूस करणारं डुक्कर मारायचा, सगळं रीतसर. त्या डुकरापायी ज्ञानदेवची बायको मुक्ताई उसाच्या बांधाला गवत कापायला जायची बंद झाली होती आणि म्हशीला विकतची वैरण घालायची वेळ आली होती. श्यामने श्वास धरला. कानामागे बोटभर. चाप ओढला आणि बार... बार असा वाजलाच नाही पुरता. ओल्या फटाक्यासारखा फुसका. तरी त्यामागोमाग तो दुसरा आवाज आला — थप्प — भरलेल्या पोत्यावर काठी मारावी तसा. त्या आवाजात चूक होत नाही. गोळी खाली उतरली होती, पोटाकडे. लागलं होतं. पण ते थांबलं नाही. एकदा गर्रकन वळलं, त्याच्याकडे पाहिलं असं वाटलं, आणि उसात शिरलं.

जखमी जनावर मागे टाकून घरी जायचं नाही. नियम एवढा एकच. बाकी सगळे शोभेचे. क्लबातला एक जण असा परत आला होता, तेव्हा सगळ्यांसमोर श्यामनेच त्याला विचारलं होतं, "मग झोप लागली का हो छान?" तो माणूस पुन्हा क्लबात आला नाही.

उसाच्या तोंडाशी टॉर्च मारला तर पातीवर रक्त. दाट, काळपट. पोटातलं. म्हणजे हे मरणार, पण आज नाही. आज उसात पडून राहील, दुखत राहील, आणि दुखरं डुक्कर माणूस दिसला की पळत नाही, अंगावर येतं. मागून ज्ञानदेवची चाहूल लागली. श्यामने ती पात मोडली, चुरगाळली आणि खिशात घातली. हाताने ते इतकं चटकन केलं की त्याला स्वतःलाच नंतर कळलं.

"लागलं का सायेब?"

"हुकलं. पण घाबरलंय चांगलं. आता आठवडाभर फिरकत नाही इकडे."

"बरं झालं बगा. मग उद्या दुपारनं हिला धाडतो गवताला. म्हस कवाची वरडतीया."

त्या क्षणी सांगता आलं असतं. अहो, थांबा, लागलंय त्याला, मुक्ताईंना पाठवू नका. एवढं वाक्य. पण त्या वाक्याच्या पलीकडे सलिल उभा होता — हॉर्नेटने डुक्कर मारायला गेला होतात ना श्यामराव? — आणि त्या हसण्याच्या मानाने एका बाईचं गवत... नाही, असा हिशेब त्याने केला नव्हता. केला नव्हता. तोंडातून "हो, खुशाल पाठवा" एवढंच गेलं.

आज मंडईला तो रोजच्यासारखा गेला. बिबवेवाडीत भाजी मिळत नाही असं नाही, पण कसब्यात वाढलेल्या माणसाला मंडईतून आणल्याशिवाय ती भाजी वाटत नाही. गवार घेतली, ओली हळद घेतली. मोबाईल शर्टाच्या खिशात होता. हे घेऊन झालं की करू फोन. लिंबं घेऊन झाली की करू. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात सलिल बसलेला दिसला आणि टाळता येण्याआधीच त्याने हात वर केला.

"काय श्यामराव! डासमार बंदूक काय म्हणते? काल गेला होतात म्हणे."

"हुकली." तिसऱ्यांदा हा शब्द सोपा गेला. "उजेड गेला होता. माझीच घाई झाली."

"तुमची घाई?" सलिलने बशीत चहा ओतला. "चला, हुकली ते बरं. अहो, असल्या गोळीने लागून गेलं असतं तर पंचाईत. तुम्हाला उसात शिरावं लागलं असतं."

"शिरलो असतो की."

"शिरला असतात," सलिल म्हणाला. खरंच म्हणाला, थट्टेने नाही. "तुम्ही शिरला असतात. ते मात्र मी कोणालाही सांगेन."

श्यामला इतकं बरं वाटलं की त्याने दोघांच्या चहाचे पैसे दिले. बाहेर आल्यावर त्याच बरं वाटण्याची शिसारी आली, पण ती फार टिकली नाही. स्कूटरला किक मारेपर्यंत तो पुन्हा ऊन बघत होता. ऊन अजून डोक्यावर होतं. कलायला वेळ होता. ज्ञानदेव म्हणाला होता दुपारनं, दुपारनं म्हणजे जेवणं उरकल्यावर, भांडी घासून, मग ती विळा घेणार, बांधाने जाणार... वाकून गवत कापणाऱ्या बाईचा चेहरा नेमका सुळ्यांच्या उंचीला येतो. हा विचार त्याने केला नाही, तो आला. आणि किळस येण्याआधी आपण तो अंतर मोजावं तसा मोजून पाहिला, हे त्याच्या ध्यानात आलं.

जेवणाची वेळ झाली. नीरजाने वाढलं, उचललं. हात धुऊन तो बाहेरच्या खोलीत आला आणि एकदाचा त्याने फोन लावला. ठरवून लावला होता. वाक्यसुद्धा तयार होतं.

"बोला सायेब," ज्ञानदेव म्हणाला. मागे म्हैस ओरडत होती.

"मुक्ताई..." श्याम म्हणाला, "गेल्या का गवताला?"

"आत्ताच बाहेर पडली की. लई खूश हाय. म्हनली, सायबांचं भलं हू दे, बांध मोकळा झाला. का वो?"

आता. आता म्हण. हाक मारा तिला, ज्ञानदेव, धावत जा. तिला अजून बांध गाठायचाय, मधे विहीर आहे, तिथवर हाक जाते. श्यामने तोंड उघडलं, आणि त्याला ज्ञानदेवचा पुढचा प्रश्न आधीच ऐकू आला — पर काल तर तुमी म्हनला...

"काही नाही. सहज केला."

फोन ठेवला तेव्हा हात थरथरत नव्हता. तो हाताकडे बघत राहिला. थरथरायला हवा होता असं त्याला वाटलं, आणि तो स्थिर आहे याचं, नाही म्हटलं तरी, थोडं कौतुकही वाटलं.

"सांगितलंत?"

नीरजा दारात होती. हात ओले.

"काय सांगायचं?"

ती पुढे आली आणि तिने टेबलावर, सकाळच्या पुंगळीशेजारी, काहीतरी ठेवलं. चुरगाळलेली उसाची पात. वाळलेली, तपकिरी डागाची. "पँटच्या खिशात होती. सकाळपासून वाट बघतेय, तुम्ही आपण होऊन कराल म्हणून." मग तिने आपला मोबाईल उचलला. "बाहेरच्या खोलीतलं आत सगळं ऐकू येतं मला. मी करते. ज्ञानदेवचा नंबर आहे माझ्याकडे."

आणि तो बोलला. बोलायचं ठरवण्याआधीच ते बाहेर पडलं, हळू, आवाज न चढवता, नेहमीसारखं नेमक्या जागी.

"कर की. सांग त्याला. तो विचारेल, बाई, तुम्हाला काय कळतंय, तर सांग, नखं रंगवता येत होती पूर्वी. आता तेवढंही राहिलं नाही."

तिचा चेहरा एकदाच हलला, डाव्या गालापाशी. ते हलणं त्याला चांगलं ओळखीचं होतं; त्याच्यानंतर ती स्वयंपाकघरात जायची, नळ सोडायची, आणि बराच वेळ काहीतरी विसळत बसायची. तो त्याचीच वाट पाहत होता. लागलं होतं. त्याला कळलं की लागलं. पण ती थांबली नाही. तिने मान खाली घातली, अंगठ्याने नंबर शोधला, आणि त्याच्याकडे न बघता फोन कानाला लावला.

खोली इतकी शांत होती की पलीकडची घंटी त्यालाही ऐकू येत होती. एकदा. पुन्हा. ज्ञानदेव गोठ्यात गेला असेल, मोबाईल ओसरीवर राहिला असेल... मुक्ताई विहिरीपाशी असेल, नसेलही. श्याम खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसला होता, कान देऊन, श्वास धरून, काल चाप ओढण्याआधी धरला होता अगदी तसाच. आणि घंटी आणखी एकदा वाजली, आणखी एकदा, कोणी उचलेना, तेव्हा आपण आतल्या आत काय म्हणतोय ते त्याला अगदी स्वच्छ ऐकू आलं. नको उचलूस. ज्ञानदेवा, नको उचलूस.