पडदा दोनचा साडेतीनचा खेळ

"मारामारी आहे का त्यात?" काचेपलीकडच्या माणसाने विचारलं.

"आहे की," खिडकीबाई म्हणाल्या. "पडदा एकवर अडीच तास आहे. हिरो हेलिकॉप्टरमधून पडतो आणि त्याचा भांगसुद्धा मोडत नाही. पडदा दोनवर एकच थप्पड आहे, पण ती घरी गेल्यावरही लागते."

त्या माणसाने पडदा एकचंच तिकीट मागितलं. खिडकीबाईंनी ते दिलं, पण असं दिलं, जणू नापास पोराच्या हातात प्रगतिपुस्तक देताहेत.

बावीस वर्षं त्या या चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीवर बसत होत्या. खरं नाव आता फक्त सहीपुरतं उरलं होतं. माणसाला मत असावं आणि ते तोंडावर सांगावं, हा त्यांचा खाक्या. घरी मालिका सुरू झाली की त्यांची जीभ काही गप्प बसायची नाही. सून झोपेतून उठते ती झुमक्यांसकट. दवाखान्यातला पेशंट मरतो तो ओठ रंगवून. दार वाजलं की तीन जणींचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात, तोवर दारातला माणूस कंटाळून निघूनही गेलेला असेल. मग बघतेस कशाला, असं लेक विचारायची. त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. न बघता नावं ठेवणं ही चहाडी, आणि बघून नावं ठेवणं हा अभ्यास.

पण या आठवड्यात नावं ठेवायला जागाच उरली नव्हती. शुक्रवारी सकाळी पडदा दोनची चाचणी चालू असताना त्या नेहमीसारख्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सिनेमात एक बाप आणि एक लेक जुनं घर सोडतात. दिवसभर ट्रकमध्ये सामान चढवतात, भांडतात, हसतात. शेवटी बाप ट्रकमध्ये बसून एकटाच निघून जातो, आणि लेक त्याला थांबवत नाही. बस्स, संपला सिनेमा. दारावर तिकिटं बघणाऱ्या काकांना बाईंना दोनदा हाक मारावी लागली.

सिनेमा असा, आणि प्रेक्षक तीन. इथला नियम सरळ होता, दहा माणसं नसतील तर खेळ रद्द. शुक्रवारी तो रद्द झाला. शनिवारी झाला नाही, कारण बाईंनी कुठल्या कुठल्या चुलतभावांची सात तिकिटं फाडली. ते चुलतभाऊ जन्मालाच आले नव्हते, हे मॅनेजरला संध्याकाळपर्यंत कळलं. तो तसा वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला रिकाम्या खुर्च्या बघवायच्या नाहीत. आज त्याने काकांना बजावलं होतं, की तिकिटं मोजायची नाहीत, डोकी मोजायची. नऊ भरली तरी उद्यापासून दोन्ही पडद्यांवर हेलिकॉप्टर.

मग बाईंनी पदर खोचला.

निवृत्त मास्तर बायकोला घेऊन आले. त्यात काही घडतं का, असं त्यांनी विचारलं. तुमच्या-आमच्या घरात घडतं तेवढंच घडतं, म्हणून तर बघा, असं बाईंनी सांगितलं. मास्तरांच्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं. दोघं झाली. ड्युटी संपवून आलेल्या तीन नर्स आल्या. त्यांना फक्त बसायचं होतं, बाईंनी त्यांना बसायला चांगली जागा दिली. हेलिकॉप्टरची तिकिटं संपल्यामुळे तोंड पाडून उभ्या असलेल्या मायलेकींना त्यांनी पाच मिनिटं पटवून आत धाडलं. एका आजोबांना थंडगार हवा हवी होती, पण झोप लागली तर काय, ही चिंता होती. बाई म्हणाल्या, लागू द्या, चांगल्या सिनेमात झोपही चांगली लागते.

नववा एक दुकानदार होता, आणि तो भांडायलाच आला होता. त्याचा भाऊ म्हणाला होता, सिनेमा भिकार आहे.

"भावाने बघितला?"

"नाही."

"मग भावापेक्षा शहाणे व्हा. जा आत."

साडेतीन वाजले. दारावरून काकांनी नऊ बोटं दाखवली. बाहेर पडदा एकच्या पुढच्या खेळाची रांग फाटकापर्यंत गेली होती. मॅनेजर खिडकीमागच्या खोलीत आला आणि म्हणाला, झालं, गुंडाळा.

"तुम्ही बसा ना," बाई म्हणाल्या. "एकच खुर्ची भरायची आहे."

"मला नाही बघवणार तो."

"बघितलाय का?"

"पोस्टर बघितलंय."

बाई उठल्या. त्यांनी एक तिकीट फाडलं, पडदा दोन, मधली रांग, मधली खुर्ची. चष्मा डोळ्यांवर नीट बसवला, पिशवी उचलली.

मॅनेजरच्या आत्ता लक्षात आलं. त्याचा आवाज खाली उतरला. "बाई, बाहेर रांग आहे. आत्ता खिडकी सोडलीत तर परत बसता येणार नाही. तिकिटाचं मशीन येऊन पडलंय. मी ते तुमच्यासाठीच थांबवलं होतं."

हे खरं होतं, आणि बाईंना ते माहीत होतं. बावीस वर्षं म्हणजे काही खायची गोष्ट नाही. त्यांचा हात क्षणभर टेबलाच्या कडेवर राहिला.

"मी बावीस वर्षं लोकांना सांगतेय, हा बघा, तो बघू नका," त्या म्हणाल्या. "आणि एक चांगला सिनेमा माझ्या एका डोक्यावाचून अडलाय. मग ते डोकं काय कामाचं?"

त्यांनी खिडकीची झडप खाली ओढली. दारावर काकांनी तिकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, मग नीट रेघेवर फाडलं.

"दहा," ते म्हणाले. मॅनेजरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले.

आजवर सगळे सिनेमे बाईंनी उभ्यानेच पाहिले होते, अर्धे, पाऊण, कधी नुसते शेवट. बसल्यावर पाय कुठे ठेवायचे ते कळेना. मग दिवे गेले.

दोन तासांनी दहा माणसं बाहेर आली आणि कुणीच घरी गेलं नाही. पायऱ्यांवरच दुकानदाराने तोंड उघडलं. ही काय मुलगी, बापाला जाऊ देते? तो असता तर ट्रकसमोर आडवा पडला असता. एक नर्स म्हणाली, थांबवलेली माणसं आम्ही रोज बघतो, ती थांबून सुखी नसतात. आजोबा म्हणाले, मी झोपलो नाही हं, एक मिनिटही नाही.

"त्याला जायचं होतं. तिने त्याला जाऊ दिलं," मास्तरांची बायको म्हणाली. "याला छाती लागते."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले.

आत खिडकीची झडप उघडली होती. तिथे मशीनचा निळा उजेड पडला होता आणि रांग गुमान पुढे सरकत होती. बाईंनी ते पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "तुमचं चुकतंय. बसा, सांगते."

त्यांच्या पाठीमागे काका स्टुलावर चढले होते. फळ्यावर, पडदा दोनच्या खाली, ते खडूने उद्याची वेळ लिहीत होते.